तीन पेशींची साक्ष

गुन्ह्याच्या बातमीत ‘डीएनए जुळला’ असं आलं की पुढची चर्चाच बंद होते. मालिकांमध्ये तर कपाच्या कडेवरून कापसाची काडी फिरवायचा अवकाश, जाहिराती संपेपर्यंत आरोपी नाव-पत्त्यासकट हजर! पण नमुना जितका बारीक, तितका त्याचा अहवाल वाचायला अवघड. का, ते बघायला थोडी आकडेमोड लागेल, पण नाणेफेकीच्या गणितापलीकडे जायचं नाही.

अ‍ॅलेक जेफ्रीज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठात डीएनएवरून माणूस ओळखायची पद्धत शोधली, तेव्हा रक्ताचा चांगला ठळक डाग लागायचा. नुसत्या हाताळलेल्या वस्तूवरूनही डीएनए मिळतो, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. एक नॅनोग्रॅम, म्हणजे हजार पिकोग्रॅम, जमवायला दीडशे पेशी लागतात. दाराच्या कडीवरून कधी पाच-दहा पेशींचाच माल हाती येतो.

तपासतात काय, तर आवर्तनं. आपल्या डीएनएत काही जागी चार अक्षरांचा (म्हणजे ओळीने लागलेल्या चार रासायनिक घटकांचा) तुकडा पुन्हा पुन्हा येतो. अकराव्या गुणसूत्रावर टीएच०१ नावाची अशी एक जागा आहे. तिथे तुम्हाला आईकडून ६ आवर्तनं मिळाली असतील, वडिलांकडून ९. अमेरिकेच्या राष्ट्रीय डेटाबेससाठी २०१७ पासून अशा २० जागा ठरल्या आहेत. या आकड्यांवरून माणसाचा स्वभाव किंवा अक्कल कळत नाही. (बोटांचे ठसे घेऊन ‘तुमचं मूल इंजिनिअर होणार की गायक’ हे सांगणाऱ्यांचा धंदा सध्या जोरात आहे. त्याला विज्ञानाचा काडीचाही आधार नाही. पैसे वाचवा.)

हे तुकडे यंत्राला दिसावेत म्हणून पीसीआर नावाच्या रासायनिक प्रक्रियेने त्यांच्या नकला काढतात. दर फेरीला दुप्पट, म्हणजे २८ फेऱ्यांत एका प्रतीच्या सुमारे २७ कोटी. ब्रिटनमध्ये १९९९ पासून अत्यल्प नमुन्यांसाठी ३४ फेऱ्या घेऊ लागले. सहा फेऱ्या जास्त, म्हणजे ६४ पट माल. मग अडचण कुठे आली?

अडचण पहिल्या फेरीच्याही आधी आहे. समजा, तीनच पेशी मिळाल्या. त्या फोडून डीएनए द्रावणात आणला. आता त्यात टीएच०१ च्या ‘६’ च्या तीन प्रती आहेत आणि ‘९’ च्या तीन. सगळं द्रावण एकाच चाचणीत घालून संपवत नाहीत. समजा निम्मं चाचणीच्या नळीत घातलं. प्रत्येक प्रत नळीत येण्याची शक्यता निम्मी, म्हणजे ‘९’ ची एकही प्रत न येण्याची शक्यता आठात एक. मसालेभातात तीनच काजू असतील आणि तुमच्या पानात एकही आला नाही, तर त्यात वाढप्याचा काय दोष? पण यंत्राला फक्त ‘६’ दिसतो, आणि या माणसाला आई-वडील दोघांकडूनही ६ च मिळाले असं वाटतं. वीसही जागी दोन-दोन वेगळे आकडे असतील, तर सरासरी चार जागी असा एक आकडा गळेल. आणि जे मुळात नळीत आलंच नाही, ते ३४ काय, ३४० फेऱ्या घेतल्या तरी दिसणार नाही.

आलेल्याचीही खात्री नाही. दोन्ही बाजूंची एकेकच प्रत आली आणि पहिल्या फेरीत त्यातल्या एकीची नक्कल व्हायची राहिली, तर ती शेवटपर्यंत दुसरीच्या निम्म्यावर राहते. नक्कल करणारं एन्झाइम कधी घसरतं आणि एक आवर्तन गाळतं. ‘९’ च्या शेजारी खोटा ‘८’ उगवतो. भरपूर माल असला की हा खोटा आकडा खऱ्यापुढे किरकोळ दिसतो. दोन-चारच प्रतींपासून सुरुवात झाली आणि पहिल्याच फेऱ्यांत घसरण झाली, तर तो खऱ्याच्या बरोबरीला येऊन बसतो. उपाय म्हणून चाचणी दोन-तीनदा करतात आणि किमान दोनदा दिसेल तेच खरं धरतात. पण त्यासाठी तेवढ्याशा द्रावणाचे तीन वाटे करायचे, म्हणजे प्रत्येक वाट्यात गळती आणखी वाढणार! म्हणून आता ‘नमुना याच माणसाचा’ आणि ‘नमुना दुसऱ्याच कुणाचा’ या दोन शक्यतांची संगणकाने तुलना करतात, आणि उत्तर ‘जुळला’ असं नसतं, ‘इतके पट अधिक संभाव्य’ असं असतं.

त्यात बाहेरून येणारा डीएनए वेगळाच. जर्मनीतल्या हाइलब्रॉनमध्ये २००७ साली एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला एका अज्ञात स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे ४० गुन्ह्यांशी जुळत होता. तिच्यासाठी ३ लाख युरोंचं बक्षीस लागलं. २००९ मध्ये उलगडा झाला: तो डीएनए नमुना घ्यायच्या काड्या तयार होताना त्यांना हाताळणाऱ्या कामगार बाईंचा होता! काड्या निर्जंतुक होत्या, यात खोटं काही नाही. जंतू मारायला त्याच्या लाखो अक्षरांच्या डीएनएत मोजके तडे पुरतात. पण या चाचणीला जेमतेम १०० ते ४५० अक्षरांचे तुकडे शाबूत असले तरी चालतं. ते तडे चुकवून सहज शिल्लक राहतात. मानवी डीएनएपासून मुक्त साहित्याचं आंतरराष्ट्रीय मानक त्यानंतर, २०१६ मध्ये आलं.

आणि कधी सगळं बिनचूक असूनही माणूस अडकतो. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये खून झालेल्या एकाच्या नखांवर दुसऱ्या माणसाचा डीएनए सापडला. तो खरोखर त्याचाच होता. फक्त खुनाच्या रात्री तो दारूच्या नशेत इस्पितळात पडून होता. त्याला तिथे पोचवणारे वैद्यकीय कर्मचारीच काही तासांनी खुनाच्या जागी गेले होते. हे लक्षात येईपर्यंत तो पाच महिने तुरुंगात होता.