दारूचा थेंबही नाही, मग मुलाचं स्वादुपिंड का सुजतं?

स्वादुपिंड म्हणजे पाचक रस आणि इन्सुलिन बनवणारी पोटातली ग्रंथी, आणि त्याला सूज म्हटलं की लोकांना पहिली आठवते ती दारू. मोठ्या माणसांच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरंही असतं, दारू आणि पित्ताशयातले खडे ही दोन मोठी कारणं आहेतच. पण हाच आजार सात-आठ वर्षांच्या मुलाला होतो तेव्हा आधी कुणी मानतच नाही. पोट दुखतंय म्हणजे शाळा टाळतोय, जंत असतील, अ‍ॅसिडिटी असेल, असं करत करत वर्षं निघून जातात आणि मग एखाद्या दिवशी पोटाच्या वरच्या भागात भयंकर कळ येते, ती पाठीपर्यंत जाते, उलट्या थांबत नाहीत, आणि तेव्हा कुठे कुणीतरी लायपेजची, म्हणजे स्वादुपिंडातल्या एका पाचक एन्झाइमची, ब्लड टेस्ट करतं, ती नॉर्मलच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त येते. तोवर मुलाने असे किती अ‍ॅटॅक गपचूप सोसलेले असतात कुणास ठाऊक. वारंवार असे अ‍ॅटॅक येणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांत कुठल्या ना कुठल्या जीनमध्ये दोष सापडतो, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

एकाच घरात पिढ्यान् पिढ्या हा आजार दिसतो हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या कम्फर्ट आणि स्टाइनबर्ग यांनी 1952 मध्ये पहिल्यांदा नीट मांडलं. जीन सापडायला मात्र 1996 उजाडलं. संशोधक डेव्हिड व्हिटकॉम्ब आणि त्यांच्या टीमने अशा कुटुंबांचा अभ्यास करून 7 नंबरच्या क्रोमोसोमवरच्या पीआरएसएस1 या जीनवर बोट ठेवलं. हा जीन ट्रिप्सिनोजेन बनवतो, आणि खरी गंमत इथून पुढे आहे.

ट्रिप्सिन म्हणजे प्रोटीन कापणारी कात्री. पण ती कुठेही कापत नाही. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, तिच्यात जिथे लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल असेल त्याच्या बरोब्बर पुढे ती कापते. आता स्वादुपिंडाच्या पेशी स्वतःच प्रोटीनच्या बनलेल्या, मग ही कात्री तिथेच तयार करायची म्हणजे जोखीमच. म्हणून पेशी ती बंद अवस्थेत बनवतात, त्याला म्हणायचं ट्रिप्सिनोजेन. त्याच्या टोकाला आठ अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा असतो, तो असेपर्यंत कात्री चालत नाही. रस लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचला की तिथलं एंटेरोपेप्टिडेज हे एन्झाइम तो तुकडा तोडतं आणि ट्रिप्सिन जागं होतं, मग ते बाकीच्या पाचक एन्झाइमनाही जागं करतं. सगळं पोटातल्या अन्नावर, पेशींना धक्का नाही.

पण यात एक कच्चा दुवा आहे. त्या आठ अमिनो आम्लांमधलं शेवटचं लायसिन असतं, म्हणजे तो तुकडा ट्रिप्सिन स्वतःसुद्धा तोडू शकतं! त्यामुळे आतड्यात जायच्या आधीच, पेशीत, एखादा रेणू चुकून चालू झाला तर तो शेजाऱ्याला चालू करणार, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला, आणि असे थोडे रेणू अधूनमधून चालू होतच असतात, तुमच्या-माझ्यातही. मग आपण सगळे आजारी का पडत नाही?

कारण बंदोबस्त आहे. पहिला बंदोबस्त स्पिंक1 नावाच्या छोट्या प्रोटीनचा, ते ट्रिप्सिनच्या पात्यांमध्ये जाऊन अडकून बसतं. पण ते मुबलक नसतं, एकूण ट्रिप्सिनच्या साधारण पाचव्या हिश्श्यालाच पुरतं. दुसरा बंदोबस्त मला सगळ्यात आवडतो तो, ट्रिप्सिनला स्वतःलाच नष्ट करायचा. त्याच्या साखळीत 122 व्या जागी आर्जिनिन आहे. तिथे कापलं की ट्रिप्सिन निकामी. आणि आर्जिनिनच्या पुढे कापतं कोण, तर दुसरं ट्रिप्सिन! म्हणजे कात्री जास्त झाल्या की त्या एकमेकींना कापून टाकतात.

आता या कुटुंबांमध्ये झालेलं काय, तर डीएनएमधलं फक्त एक अक्षर बदललंय, जी च्या जागी ए. त्यामुळे 122 व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आलं. हिस्टिडिनपुढे ट्रिप्सिन कापू शकत नाही. संपलं, ट्रिप्सिन मरायचंच विसरलं. या म्युटेशनला आर122एच म्हणतात.

1996 चं स्पष्टीकरण इथवर होतं. पुढे मिक्लोश शाहिन-तोथ या संशोधकाच्या लॅबने दाखवलं की प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. माणसाच्या ट्रिप्सिनमध्ये नुसतं 122 ला कापणं पुरेसं होत नाही, आधी कायमोट्रिप्सिन सी नावाचं दुसरं एन्झाइम 81 व्या अमिनो आम्लापुढे कापतं, मग 122 चा घाव त्यावर शिक्कामोर्तब करतो. आणि ही 81 ची जागा नेमकी त्या वळणात आहे जिथे कॅल्शियम येऊन बसतं, म्हणजे कॅल्शियम जास्त असेल तर वळण घट्ट होतं आणि पहिला घाव लागत नाही, कमी असेल तर लागतो. आणि हे कापणं नुसत्या जागं झालेल्या ट्रिप्सिनचं नाही तर झोपलेल्या ट्रिप्सिनोजेनचंही होतं, म्हणजे आर122एचमध्ये साठाच वेळेवर कमी होत नाही. हे पचायला जरा जड आहे मान्य, पण यामुळे एक गोष्ट पटकन सुटते, कायमोट्रिप्सिन सीच्या जीनमध्ये दोष असलेल्यांनाही हाच आजार होतो हे 2008 मध्ये दिसलं ते का, ते. तसंच स्पिंक1चं, तिथे दोष म्हणजे पहिला बंदोबस्त ढिला.

आणि याची उलटी बाजू ऐका. ट्रिप्सिनोजेनचा एक भाऊ आहे, पीआरएसएस2 जीनमधून बनणारा. काही लोकांमध्ये त्याच्या 191 व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन असतं. म्हणजे कापायची एक जागा जास्तीची! हे ट्रिप्सिन जागं होताच कापलं जातं, आणि 2006 मध्ये दिसून आलं की अशा लोकांना दीर्घकालीन स्वादुपिंडाची सूज कमी होते. एक आर्जिनिन गेलं तर आजार, एक आलं तर संरक्षण, याहून सुंदर पुरावा काय हवा.

पीआरएसएस1चा दोष आई किंवा वडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, प्रत्येक मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी. मिळाला तरी दहापैकी साधारण आठ जणांनाच त्रास होतो, म्हणून एखादी पिढी कोरी गेल्यासारखी वाटते आणि मग घराण्याला शाप आहे वगैरे कहाण्या सुरू होतात. शाप नाही, एक अक्षर आहे, आणि ते ब्लड टेस्टमध्ये वाचता येतं. त्यासाठी आईने गरोदरपणात काय खाल्लं हे उकरून काढणं म्हणजे निव्वळ छळ आहे. स्वादुपिंड 'डिटॉक्स' करणारे ज्यूस आणि चूर्णं विकणाऱ्यांनाही विचारा की तुमच्या ज्यूसने 122 वं अमिनो आम्ल कसं बदलतं. आणि जीन टेस्टचाही अतिरेक नको, स्पिंक1चा एन34एस हा बदल शंभरात एक-दोन धडधाकट माणसांतही असतो, त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात काही होत नाही.

बाकी उपचार थोडक्यात. अ‍ॅटॅकमध्ये सलाइन, दुखणं नीट कमी करणं आणि झेपेल तसं लवकर खाणं सुरू करणं. वर्षानुवर्षांच्या सुजेने स्वादुपिंड कडक होतं, फॅट पचत नाही, शौच तेलकट होते, वजन वाढत नाही, ए डी ई के ही व्हिटॅमिन कमी पडतात, तेव्हा जेवताना एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. पुढे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही जातात आणि डायबेटिस होतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो आणि सिगरेटने तो आणखी वाढतो, तेव्हा अशा घरात कुणीच ओढू नये, मूल मोठं होईपर्यंत वाट बघायची गोष्ट नाही ही.

दुखणं कशानेच आवरत नसेल तर शेवटचा मार्ग म्हणजे अख्खं स्वादुपिंड काढून त्यातल्या इन्सुलिनच्या पेशी वेगळ्या करायच्या आणि यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडायच्या. हे ऑपरेशन मिनेसोटा विद्यापीठात 1977 मध्ये पहिल्यांदा झालं. पेशी यकृतात रुजतात आणि तिथून इन्सुलिन देतात, सगळ्यांना पूर्ण पुरतं असं नाही, काहींना इंजेक्शन घ्यावीच लागतात, आणि एन्झाइमच्या कॅप्सूल तर जन्मभर. बिघडलेला जीन शरीराच्या प्रत्येक पेशीत तसाच राहतो, फक्त ट्रिप्सिनोजेन बनवणारा कारखानाच उरत नाही म्हणून त्याला काही करता येत नाही. त्या मुलाच्या मुलांना तो मिळायची शक्यता मात्र ऑपरेशननंतरही तेवढीच, निम्मी.