कडब्याखालची शिकार

उन्हाळ्याच्या शेवटी कडब्याची गंज तळाला लागते. शेवटच्या पेंढ्या उचलायची वेळ आली की घरच्या कोंबड्या आधीच येऊन टपलेल्या असतात. पेंढी सरकते, उंदराचं पिल्लू पळतं आणि एखादी तलंग झडप घालते. चोचीत धरून दोन-चारदा भुईवर आपटते आणि धूम ठोकते, कारण बाकीच्या सगळ्या तिच्या मागे लागलेल्या असतात. आडोसा मिळाला की पिल्लू अख्खं पोटात. सकाळी अंगणात सालसपणे ज्वारी टिपणारी ती हीच!

तिचा पूर्वज, तांबडा रानकोंबडा, बी-फळांबरोबर वाळवी, मुंग्या, अळ्याही उकरून खातो. (सह्याद्रीत आरवतो तो राखी रानकोंबडा, त्याचा चुलतभाऊ.) उकिरड्यावर कोंबडी तेच करते. पायांनी फरफर उकरायचं, पाऊलभर मागे सरायचं, मान तिरकी करून एका डोळ्याने बघायचं. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या, तिच्या डोळ्यात चार. आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही तिला दिसतो. मग गांडूळ, नाकतोडा, झुरळ, गोम, बेडकाचं पिल्लू, काहीच सुटत नाही. गोठ्यातल्या जनावरांच्या गोचिडीसुद्धा ती टिपते.

बरं, हे भुकेपोटीच चालतं असंही नाही. इंग्लंडमधल्या एका प्राणिसंग्रहालयातल्या मोकळ्या रानकोंबड्यांचा अभ्यास 1989 साली प्रसिद्ध झाला. त्यांना रोजचं खाणं मिळत होतं. तरीही दिवसातल्या जागत्या वेळेत, नोंद केलेल्या मिनिटांपैकी सुमारे 60 टक्के मिनिटांत माद्या जमिनीवर टोचताना दिसल्या आणि 34 टक्के मिनिटांत उकरताना.

दात नाहीत, मग हे सगळं दळतं कुठे? कलेजी-पेट्यातला पेटा म्हणजे तिचं जातं. जाड स्नायूंची ही पिशवी, आत तिने गिळलेले बारीक खडे. पेटा चिरून धुताना हे खडे हाताला लागतात. नाकतोड्याच्या तंगड्या असोत की मक्याचा दाणा, भरडून निघतो.

अंडी घालणाऱ्या कोंबडीला आणखी एक ओढ असते, चुन्याची. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं आणि कवच बरंचसं रात्रीत चढतं. म्हणून संध्याकाळी खुराड्यात शिरण्याआधी ती चुनखडीचे खडे, शिंपल्यांचा चुरा अधिक शोधते. गोगलगाय सापडली तर मांस आणि चुना दोन्ही एका घासात.

या शिकारीत धोकाही आहे. काही शेणकिडे आणि मुंग्या यांच्या पोटात पट्टकृमींची, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंतांची, बाल्यावस्था असते. किडा गिळला की जंत कोंबडीत. उकिरड्यावर फिरणाऱ्या कोंबड्यांना जंताचं औषध चुकवू नये ते याचसाठी.

आणि अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या राखाव्याच लागतात. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, आपल्या ज्या ग्राहीला (जळजळ टिपणाऱ्या प्रथिनाला) पेटवतं, ती ग्राही कोंबडीतही आहे, पण तिची घडण जरा वेगळी. तिथे कॅप्सेसिनची डाळ शिजत नाही. आपण हाकलायला जाईपर्यंत ही बिया फस्त करते, डोळ्यांत पाण्याचा टिपूसही न आणता.