पांजरपोळ

पांजरपोळ : म्हाताऱ्या, आजारी, जखमी किंवा बेवारस जनावरांना आश्रय देणारी, देणग्या आणि व्यापाऱ्यांच्या वर्गणीवर चालणारी संस्था. गुजरात, राजस्थान व महाराष्ट्र या भागांत ती प्रामुख्याने आढळते. गोशाळेहून ती वेगळी. गोशाळेत गोवंशाचे पालन आणि बहुधा दुधाचे उत्पादन होते. पांजरपोळात तत्त्वतः कोणत्याही जीवाला प्रवेश असतो आणि त्याच्यापासून उत्पन्नाची अपेक्षा नसते. प्रत्यक्षात आजच्या पांजरपोळांत गुरांचीच संख्या मोठी असते.

उगम : या संस्थेचे मूळ सम्राट अशोकाच्या काळात शोधण्याची प्रथा जुनी आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील दुसऱ्या शिलालेखात (गिरनार आदी प्रती) माणसांची व पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा आणि त्यासाठी औषधी वनस्पतींची लागवड यांचा उल्लेख आहे. इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ यांनी सुरतेच्या प्राणी-रुग्णालयाशी त्याचे साधर्म्य दाखवले. मात्र शिलालेखात चिकित्सेची सोय सांगितली आहे. जनावरांना ठेवून घेणाऱ्या वास्तूचा निर्देश त्यात नाही. अशोकानंतरच्या दीर्घ काळात अशा संस्थांचा सलग पुरावाही मिळत नाही. त्यामुळे पश्चिम भारतातील जैन महाजनांच्या (व्यापारी पुढाऱ्यांच्या) अहिंसाव्रतातून मध्ययुगात ही संस्था आकाराला आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भूगोलज्ञ डेरिक लॉड्रिक यांनीही पांजरपोळाची सांगड जैन परंपरेशी आणि गोशाळेची कृष्णभक्तीशी घातली आहे.

निश्चित वर्णने सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून मिळतात. इंग्रज प्रवासी रॅल्फ फिच याने गुजरातेतील खंबायत या बंदरात लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी व पक्ष्यांसाठी रुग्णालये असल्याचे नमूद केले. १६२३ मध्ये तेथेच आलेल्या प्येत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाचे वर्णन अधिक तपशीलवार आहे. पक्ष्यांच्या रुग्णालयात उंदरांची पोरकी पिले कापसात ठेवलेली होती आणि चश्मा लावलेला एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध त्यांना पिसाने दूध पाजत होता, असे तो सांगतो. शेळ्या-मेंढ्यांच्या आवारात, हात तोडण्याची शिक्षा झालेला एक चोरही दयेपोटी ठेवलेला त्याला दिसला. वॉल्टर हॅमिल्टन याच्या १८२० च्या ग्रंथानुसार सुरतेच्या रुग्णालयात १७७२ मध्ये घोडे, खेचरे, बैल, माकडे, कोंबड्या, कबुतरे यांच्याबरोबर ७५ वर्षे तेथे राहिलेले एक कासव होते. कीटकांसाठी धान्य भरलेली वेगळी खोली असे, हे अलेक्झांडर बर्न्स याच्या १८३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणातूनही दिसते. पिसवा-ढेकणांना रक्त मिळावे म्हणून भिकाऱ्यांना पैसे देऊन रात्रभर तेथे निजवत, ही कथा युरोपीय लेखनात वारंवार येते. एकाने लिहिलेले दुसऱ्याने उचलले, असे तिचे स्वरूप दिसते. ती जपूनच घ्यावी.

मुंबईचा पांजरपोळ : भुलेश्वर–सी. पी. टँक भागातील या संस्थेची स्थापना १८ ऑक्टोबर १८३४ रोजी झाली. तिच्यामागे १८३२ चा दंगा होता. मोकाट कुत्री उन्हाळ्यातील ठरावीक मुदतीत मारण्याचा नियम मुंबईत १८१३ पासून होता व त्यासाठी इनाम दिले जाई. १८३२ मध्ये मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवण्यात आली. ६ जून रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमावाने हल्ला केला. पारशी अंत्यविधीत प्रेताला कुत्रा दाखवण्याचा ‘सग्दीद’ हा विधी असल्याने त्यांच्या संतापाला धार्मिक आधार होता. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, किल्ल्यातील व कुलाब्याच्या गोऱ्या लोकांकडे जाणारी रसद अडवली गेली. हिंदू, जैन व मुसलमानही यात सामील झाले. अखेर लष्कर बोलवावे लागले. इतिहासकार जेसी पाल्सेटिया यांनी या प्रकरणाकडे पारशी समाज व कंपनी सरकार यांच्या बदलत्या संबंधांच्या अंगाने पाहिले आहे. निव्वळ श्वानप्रेमाने रसद तोडली जात नाही, हे लक्षात घेता ते पटण्याजोगे आहे. जमशेटजी जीजीभॉय आदी शेटियांनी दंगेखोरांना माफी मिळावी आणि कुत्री न मारता शहराबाहेर न्यावीत अशी विनंती केली. पुढे दोन वर्षांनी पांजरपोळ उभा राहिला.

संस्थापक म्हणून जमशेटजींच्या बरोबरीने ‘अमीचंद शहा’ हे नाव दिले जाते. भायखळ्याच्या जैन मंदिराचे निर्माते व जमशेटजींचे व्यापारातील सहकारी सेठ मोतीशहा यांचे पूर्ण नाव मोतीचंद अमीचंद असे होते; तेच अभिप्रेत असण्याचा संभव अधिक. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी कापूस, अफू, साखर वगैरे मालाच्या व्यवहारांवर ‘लागा’ बसवून घेतला. सरकारने न लादता महाजनांनी स्वतःहून स्वीकारलेली ही पट्टी गुजरातेतील पांजरपोळांची जुनी रीत होती. कुत्र्यांवरून सुरू झालेल्या या संस्थेत पुढे गुरांचे प्रमाण वाढत गेले. गुरांसाठी चेंबूर, कल्याणजवळचे रायते इ. ठिकाणी जागा घेण्यात आल्या. चेंबूरचा पांजरपोळ आज बहुतेक मुंबईकरांना पूर्व मुक्त मार्गावरील बोगद्यामुळेच ठाऊक असतो.

महाराष्ट्रात इतरत्र, गुजराती-मारवाडी व्यापारी पेठा जेथे होत्या तेथे, पांजरपोळ निघाले. नाशिकची संस्था १८७८ मधील असून शहरालगतच्या तिच्या विस्तीर्ण जमिनीवर उद्योग आणावेत का, हा वाद अलीकडे गाजला. पुणे, सांगली, कोल्हापूर येथेही अशा संस्था आहेत.

उपचार आणि मरण : १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था निघाली आणि १८८३ मध्ये परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय स्थापन झाले. येथून पाश्चात्त्य पशुवैद्यक आणि जीवदया यांच्यातील मतभेद स्पष्ट झाला. बरे न होणारे जनावर वेदनेतून सोडवावे, ही पहिल्याची भूमिका. नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत ते पोसावे, ही दुसऱ्याची. पांजरपोळात जनावरे नुसती खितपत पडतात, अशी टीका इंग्रज अधिकाऱ्यांनी केली. दुष्काळात जनावरांची रीघ लागून चारा अपुरा पडे, तेव्हा ती खोटीही नसे. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम १३ मध्ये असाध्य वेदनेतील जनावराला मरण देण्याची तरतूद आहे. जुन्या पांजरपोळांचा कल मात्र ती न वापरण्याकडे राहिला.

स्वयंसेवी निवारे : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांतून निघालेले ‘शेल्टर’ हे पांजरपोळाचे वारस मानले जातात, पण कामाची दिशा उलटी आहे. पांजरपोळात आलेले जनावर सहसा परत जात नाही. शेल्टरमधून ते लवकरात लवकर बाहेर पडावे, असा प्रयत्न असतो. फोन आल्यावर जाळी घेऊन जाणे, गाडीखाली आलेल्या किंवा अळ्या पडलेल्या जखमांवर उपचार, पार्व्हो व डिस्टेंपर या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या संशयितांना वेगळे ठेवणे, पिलांना दत्तक घरे शोधणे ही नित्याची कामे. पिंजरे धुणे आणि औषधे पाजणे यांतच स्वयंसेवकांचा बहुतेक वेळ जातो. रेबीजचा धोका असल्याने कुत्री हाताळणाऱ्यांनी आधीच लस घेणे आवश्यक असते. मकरसंक्रांतीच्या सुमारास मांजाने पंख कापलेल्या घारी व घुबडे येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी त्या येतच आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे असे पक्षी वा साप परस्पर ठेवून घेता येत नाहीत. वनविभागाला कळवावे लागते.

भटक्या कुत्र्यांबाबत २००१ च्या नियमांनी नसबंदी व रेबीजची लस देऊन, कानाला खूण करून, पकडलेल्या जागीच सोडण्याची पद्धत घालून दिली. त्यांची जागा २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली. गुरांची स्थिती वेगळी. महाराष्ट्रात २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीची व्याप्ती बैल-वळूंपर्यंत वाढल्यावर पोलिसांनी जप्त केलेली जनावरे खटला संपेपर्यंत पांजरपोळ-गोशाळांत राहू लागली. त्यांचा पोषणखर्च आरोपीकडून घेण्याची तरतूद २०१७ च्या नियमांत आहे. देशी गायींसाठी गोशाळांना दररोज प्रतिगाय ५० रुपये अनुदान राज्य शासनाने २०२४ मध्ये मंजूर केले.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यांत कायमची ठेवण्याचा आदेश दिला. तो त्याच महिन्यात सौम्य करून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्याची मुभा देण्यात आली. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, रेल्वेस्थानके इ. आवारांतील कुत्री हलवावीत व तेथे परत सोडू नयेत, असा आदेश झाला.