सपाट छपरावरची दगडी लोकर : एका निवडीची पार्श्वभूमी

सपाट किंवा अगदी कमी उताराच्या छपरासाठी उष्णतारोधक निवडायला बसलेल्या अभियंत्याने नुसता तुलनेचा तक्ता पाहिला, तर त्याने दगडी लोकर निवडावी असे त्यात फारसे काही नसते. छपरावर वापरल्या जाणाऱ्या दगडी लोकरीच्या, म्हणजे रॉकवूलच्या, बोर्डची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे साधारण ०.०३६ ते ०.०४० वॅट असते, तर पीआयआर या प्लास्टिकच्या फोमच्या बोर्डची ०.०२२ ते ०.०२६ वॅट. युरोपात बऱ्याच ठिकाणी आज साधारण अपेक्षित असलेली, छपरातून निसटणाऱ्या उष्णतेची चौरस मीटरमागे दर अंशाला ०.१८ वॅटची मर्यादा गाठायची, तर फोमचा १२० ते १४० मिलिमीटरचा थर पुरतो. लोकरीचा थर २०० मिलिमीटरच्या घरात जातो. वजनाचा हिशेब त्याहून प्रतिकूल आहे, कारण तेवढ्या फोमचे वजन चौरस मीटरमागे चारेक किलो भरते आणि लोकरीचे पंचवीस-तीस किलो. दाब सहन करण्याच्या चाचणीतही फोमचे बोर्ड शंभर किलोपास्कलच्या पुढे असतात, तर लोकरीचे बहुधा तीस ते सत्तरच्या दरम्यान. इतक्या रकान्यांत मागे पडूनही युरोपातल्या कारखान्यांच्या, गोदामांच्या आणि रुग्णालयांच्या छपरांवर हा माल मोठ्या प्रमाणावर का चढतो, हे समजून घ्यायचे तर तक्त्यातला आगीचा रकाना कधी आणि कशामुळे भरला गेला, हे पाहावे लागते.

दगडाचे तंतू निघू शकतात ही कल्पना मुळात निसर्गाची आहे. हवाई बेटांवर किलाउएया ज्वालामुखीच्या परिसरात उसळत्या लाव्हाचे थेंब वाऱ्याने ताणले जाऊन काचेसारखे सोनेरी धागे तयार होतात, आणि तिथले लोक त्यांना ज्वालामुखीची देवी पेले हिचे केस म्हणतात. आपल्याकडे जत्रेत साखरेच्या पाकापासून ‘म्हातारीचे केस’ काढतात, ती क्रियाही तत्त्वतः याहून वेगळी नाही. वेल्समध्ये एडवर्ड पॅरी याने १८४० साली लोखंडाच्या भट्टीतील मळीवर, म्हणजे स्लॅगवर, वाफेचा झोत सोडून असे तंतू काढले; पण ते कारखानाभर उडत राहिल्याने कामगारांना इतका त्रास झाला की प्रयोग सोडून द्यावा लागला. व्यापारी प्रमाणावर हे उत्पादन १८७१ साली जर्मनीत ओस्नाब्र्युकजवळच्या गेओर्ग्समारियेनह्युट्टे येथे सुरू झाले, आणि १८९७ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातील अलेक्झांड्रिया गावी चार्ल्स कोरिडन हॉल या रसायन अभियंत्याने मळीऐवजी थेट चुनखडीचा दगड वितळवून लोकर काढली. डेन्मार्कमध्ये वाळू आणि खडी विकणाऱ्या एका घराण्याने या तंत्राचे हक्क घेतले आणि १९३७ साली हेडेहुसेने येथे उत्पादन सुरू केले. आजची रॉकवूल कंपनी ती हीच. तिचे नावच पुढे कित्येक देशांत या मालाचे सामान्य नाव होऊन बसले. बेसाल्ट किंवा त्याच जातकुळीचा डायबेस दगड भट्टीत सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळवायचा, वेगाने फिरणाऱ्या चाकांवर त्याची धार सोडून तंतू काढायचे, त्यांवर रेझिन फवारायचे आणि गादी दाबून भाजून घ्यायची, अशी ही पद्धत आहे. (आपला सह्याद्री याच बेसाल्टचा आहे, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही.)

तोवर ही लोकर बाष्पनळ्या, बॉयलर आणि भिंतींच्या पोकळ्या यांसाठीच होती. छपरावर ती जाण्याचे कारण नव्हते, कारण युरोपातली छपरे बव्हंशी उतरती होती आणि उतरत्या छपराच्या वाशांमध्ये मऊ गादी कोंबली की काम भागे. १९२० च्या दशकात आधुनिक वास्तुशिल्पाने सपाट छपराचा आग्रह धरला. बर्लिनच्या त्सेलेनडोर्फ भागात १९२८ साली सपाट आणि उतरत्या छपरांच्या दोन वसाहती समोरासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा तो वाद ‘छपरांचे युद्ध’ म्हणूनच गाजला. या वादात सौंदर्याची चर्चा पुष्कळ झाली. पण सपाट छपराने उष्णतारोधकावर टाकलेला बोजा वेगळाच होता. सपाट छपरावर माणसे चालतात, पाणी आणि बर्फ साचतो, आणि जलरोधक थर थेट त्या बोर्डवर टेकलेला असतो. लोकरीच्या गादीला अशा ठिकाणी जागा नव्हती. म्हणून तिथे कॉर्क, लाकडी तंतूंचे फलक आणि डांबराचे थर वापरले जात.

या डांबराचा धोका जगाच्या लक्षात आला तो १२ ऑगस्ट १९५३ रोजी. मिशिगन राज्यातील लिव्होनिया येथे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक गिअरबॉक्सचा प्रचंड कारखाना होता. त्याचे क्षेत्र साडेचौतीस एकर असून सगळे एकाच छपराखाली होते आणि मधे आग अडवणारी एकही भिंत नव्हती. वर सपाट छप्पर होते : पन्हळी पोलादी पत्रा, त्यावर डांबर, त्यावर उष्णतारोधक फलक आणि पुन्हा डांबर व खडी. कापकाम करताना उडालेल्या ठिणगीने खाली साठलेला ज्वलनशील द्रव पेटला, आणि ती आग आटोक्यात येण्याजोगी होती तोवरच छपराचा पत्रा तापू लागला. पत्र्यावरचे डांबर वितळून सांध्यांतून खाली ठिबकू लागले, ठिबकणारे डांबर पेट घेऊ लागले, आणि त्या ज्वाळांनी पुढचा पत्रा तापवला. म्हणजे छप्पर स्वतःच आगीला पुढे नेत होते, आणि अग्निशामक जवानांचे पाणी बाहेरून त्याच्या खालच्या बाजूला पोहोचत नव्हते. त्या आगीत सहा जणांचा मृत्यू झाला आणि कारखाना पूर्ण नष्ट झाला. तोवरच्या औद्योगिक आगींमध्ये इतके मोठे नुकसान झाले नव्हते.

लिव्होनियाचा धडा बऱ्याचदा अर्धवट सांगितला जातो. तिथला गुन्हेगार उष्णतारोधक हा एकटा नव्हता, तर पत्रा, डांबर आणि फलक यांची संपूर्ण रचना होती. विमा क्षेत्रातील फॅक्टरी म्युच्युअल या संस्थेने त्यानंतर मोठ्या आकाराच्या प्रत्यक्ष छपरांवर चाचण्या घेतल्या आणि पोलादी पत्र्याच्या छपरांची वर्गवारी ठरवली. एखादे छप्पर खालून लागलेल्या आगीला किती इंधन पुरवते, हा प्रश्न प्रथमच निवडीच्या केंद्रस्थानी आला. या चाचण्यांतून दगडी लोकरीचा लगेच जयजयकार झाला, असे मात्र नव्हे. अमेरिकेने परलाइट (फुलवलेली ज्वालामुखीची काच) आणि काचतंतूचे बोर्ड स्वीकारले आणि पुढे पीआयआर फोमला मोठी जागा दिली. दगडी लोकरीची छपरे मुख्यतः युरोपात, त्यातही उत्तरेकडे वाढली. जिथे बेसाल्ट आणि डायबेसच्या खाणी होत्या आणि कडाक्याच्या थंडीने उष्णतारोधकाची मागणी कायम ठेवली होती, तिथे हा उद्योग आधीच रुजलेला होता, हे त्याचे कारण असावे असे मला वाटते.

अडचण बोर्डच्या घट्टपणाची होती. तंतू आडवे रचलेले असले की बोर्ड दबतो, आणि जलरोधक थर ठिकठिकाणी खचतो. उत्पादकांनी तंतूंची दिशा बदलण्याचे आणि घनता वाढवण्याचे उपाय केले, आणि पुढे वरचा थर घट्ट व खालचा सैल असा दुहेरी घनतेचा बोर्ड रूढ झाला. पायाचा भार वरचा थर पसरवतो, उष्णता अडवण्याचे काम खालचा करतो. तरीही छपरावर वारंवार ये-जा असेल, तर आजही जाणते ठेकेदार चालण्याच्या वाटांवर वेगळे संरक्षक थर टाकून घेतात.

१९७३ च्या तेलसंकटाने जाडीचा प्रश्न पुढे आणला. डेन्मार्क त्या वेळी ऊर्जेसाठी जवळपास पूर्णपणे आयात तेलावर अवलंबून होता, आणि तिथे तसेच इतरत्रही इमारतींचे नियम कडक होऊ लागले. थर वाढला तसे छपराच्या आतल्या बाष्पाचे गणित बदलले. लाकडी वाशांमध्ये रोधक ठेवून वर हवेशीर पोकळी सोडण्याची जी जुनी ‘थंड छपरा’ची पद्धत होती, तिच्यात लाकूड दवाने कुजू लागले, आणि रोधक स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या वर ठेवून त्याखाली बाष्परोधक थर टाकण्याची ‘उबदार छपरा’ची पद्धत सार्वत्रिक झाली. दगडी लोकरीसाठी हा बाष्परोधक थर विशेष महत्त्वाचा असतो, कारण तंतूंमधून बाष्प सहज फिरते आणि ओला झालेला बोर्ड उष्णताही अडवत नाही आणि भारही पेलत नाही. त्याच कारणाने, जलरोधक थराच्या वर रोधक ठेवणाऱ्या उलट्या छपरात लोकर वापरत नाहीत. तिथे एक्सपीएस हा पाणी न पिणारा फोमच योग्य. उताराचेही तसेच आहे. ब्रिटिश मानक बांधकामानंतर किमान १ : ८० उतार राहावा म्हणून आराखड्यात १ : ४० ठेवायला सांगते, आणि स्लॅब सपाट असेल तर उतार देण्याचे काम तिरप्या कापाच्या बोर्डवर येते.

आगीच्या प्रश्नाने १९९६ साली पुन्हा डोके वर काढले. ११ एप्रिल रोजी ड्यूसेलडोर्फ विमानतळावर वरच्या रस्त्यावर वेल्डिंग सुरू असताना खालच्या छताच्या पोकळीतील पॉलिस्टायरिनचा उष्णतारोधक पेटला. धूर टर्मिनलभर पसरला आणि सतरा जण मृत्युमुखी पडले. लिव्होनियासारखीच ही गोष्ट : किरकोळ कामाची ठिणगी आणि छतात लपलेले इंधन. पुढे युरोपभर मालाची ए१ (न जळणारा) ते एफ अशी अग्निवर्गवारी लागू झाली आणि दगडी लोकर तिच्या वरच्या टोकाला बसली, कारण हजार अंशांपर्यंत तिचे तंतू वितळत नाहीत. त्यांना जोडणारे रेझिन तेवढे त्याआधी जळते. २०१७ साली लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसे दगावल्यानंतर या माहितीला वेगळे वजन आले. मात्र ती आग बाह्य भिंतीच्या आवरणाची होती, आणि २०१८ साली आलेली ब्रिटिश बंदीही उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींपुरती होती. छपरासाठी तिचा दाखला देणारे विक्रेते थोडी गल्लत करतात.

तंतूंच्या आरोग्यपरिणामाचा प्रश्नही मधल्या काळात येऊन गेला. ॲस्बेस्टॉसच्या अनुभवानंतर तो येणारच होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली दगडी लोकरीला संभाव्य कर्कजनक ठरवले होते. फुप्फुसात लवकर विरघळणाऱ्या नव्या रचनेचे तंतू दरम्यान बाजारात आले, आणि उपलब्ध पुरावा पुन्हा तपासून संस्थेने २००१ साली ते वर्गीकरण मागे घेतले. कातडीला खाज मात्र सुटते, आणि कापताना मास्क लागतोच.

हा सारा इतिहास महाराष्ट्राच्या गच्चीला जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्या माळवदाच्या घरांवर लाकडी सरांवर पसरलेला पांढऱ्या मातीचा जाड थर, नंतरच्या आरसीसी स्लॅबवरचा ब्रिक बॅट कोबा, हे दोन्ही स्वभावतः न पेटणारे आहेत, आणि इथला प्रश्न उन्हाचा आणि गळतीचा आहे. खालून आग पोहोचण्याचा मुद्दा पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये उभा राहतो, आणि तिथे बंधित, म्हणजे रेझिनने बांधलेल्या, खनिज लोकरीसाठी आयएस ८१८३ हे भारतीय मानक आहे.

आता प्रश्नाची दिशा उलटली आहे. गेल्या काही वर्षांत सपाट छपरांवर सौर पॅनेल आले, आणि आग खालून येण्याऐवजी वरून येऊ लागली. पॅनेल आणि छप्पर यांच्या अरुंद फटीत वायरिंगमुळे पेटलेली ज्वाळा उष्णता खाली परतवते, त्यामुळे उघड्या छपरावर विझली असती अशी आगही जलरोधक थरावरून पसरत जाते. म्हणून काही विमा कंपन्या पॅनेलखाली न जळणारा थर मागू लागल्या आहेत. आणि त्याच पॅनेलच्या चौकटींचा आणि दुरुस्तीसाठी चढणाऱ्या माणसांचा भार पुन्हा त्या सत्तर किलोपास्कलच्या रकान्यावर येऊन पडतो.