‘म्हणून’पाशी अडणारं वाचन

‘तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात ठेवली तर फुगून फुटते, म्हणून शिरेतून द्यायच्या सलाइनमध्ये मिठाचं प्रमाण ०.९ टक्के ठेवतात.’

नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे वाक्य मोठ्याने वाचायला सांगा. तो कुठेही अडखळणार नाही. मग पुस्तक मिटून विचारा, ‘सलाइनऐवजी नुसतं शुद्ध पाणी शिरेत गेलं तर?’ पुष्कळदा उत्तर येतं, ‘०.९ टक्के.’ आकडा लक्षात राहिला, पेशी फुटते हेही राहिलं, पण दोन्हींना जोडणारा ‘म्हणून’ हातून निसटला. तो धरायला तिसरी गोष्ट ठाऊक असावी लागते: पेशीच्या पापुद्र्यातून पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून जास्त क्षारांच्या बाजूला जातं (यालाच ऑस्मोसिस म्हणतात), आणि ०.९ टक्क्यांना दोन्ही बाजू तुल्यबळ होतात. ही गोष्ट त्या वाक्यात नाहीच. ती दोन पानं मागे आहे.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत शिकवणाऱ्यांना हा अनुभव रोजचा. अशा सार्वजनिक कॉलेजांपैकी सर्वांत जुनं, इलिनॉयमधलं जोलिएट, १९०१ साली सुरू झालं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, कमी फी आणि बहुतेक ठिकाणी सर्वांना प्रवेश. वर्गात अठरा वर्षांची मुलगी असते तशी रात्रपाळी करून आलेली चाळिशीची आईही असते. अनेकांची घरची भाषा स्पॅनिश असते.

अनेक वर्षं उपाय ठरलेला होता. प्रवेशाच्या वेळी संगणकावर छोटी चाचणी, त्यात कमी गुण पडले की आधी वाचनाचा पूरक वर्ग. फी भरायची, पण पदवीसाठी श्रेयांक शून्य. तिथे कुठलेही सुटे उतारे देऊन ‘मुख्य कल्पना ओळखा’ म्हणायचं. या चाचण्यांचा पुढे अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की इंग्रजीत साधारण तिघांतल्या एकाची रवानगी साफ चुकीच्या वर्गात होत होती. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून हायस्कूलचे गुण विचारात घ्यायला लावले आणि विद्यार्थ्याला वर्षभरात मुख्य अभ्यासक्रम पूर्ण करता यावा अशी जबाबदारी कॉलेजांवर टाकली. दार उघडलं हे उत्तमच झालं. पण आत आलेल्याला वाचायला शिकवायचं काम उरतंच, आणि ते विषयाच्या वर्गातच व्हायला हवं.

कारण वाचलेलं समजणं हे वाचकाच्या विषयज्ञानावर फार अवलंबून असतं. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्यांच्या पुढे गेली. म्हणजे सुट्या उताऱ्यांवर कितीही सराव केला तरी त्याने जीवशास्त्राचं पान आपोआप सोपं होत नाही.

दुसरी अडचण शब्दांची. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं हू आणि नेशन यांना २००० साली आढळलं. ४०० शब्दांच्या पानावर आठ अनोळखी शब्द चालतात. ऐंशी झाले की कुणालाच धड कळत नाही. यात दगा देतात ते ‘ऑस्मोसिस’सारखे शब्द नव्हेत, त्यांचा अर्थ धड्याच्या शेवटी दिलेला असतो. दगा देतात ‘डिराइव्ह’, ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘सबसिक्वेंट’. ते सगळ्या विषयांत येतात आणि कुणीच समजावत नाही. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी अशा ५७० शब्दकुळांची, म्हणजे एकाच मुळापासून बनलेल्या शब्दांच्या गटांची, यादी केली. शैक्षणिक मजकुराचा सुमारे दहावा भाग त्यांनी व्यापलेला असतो. यांतले बहुतेक लॅटिन वळणाचे आणि स्पॅनिशही लॅटिनमधूनच आलेली, त्यामुळे स्पॅनिश बोलणाऱ्यांकडे त्यांची भावंडं आधीच असतात. फक्त ती दाखवून द्यावी लागतात. आठवड्याला दहा शब्द, तेही त्याच आठवड्याच्या धड्यातले, एवढं पुरे.

आता वर्ग कसा घ्यायचा ते. चालू धड्यातला ४०० ते ५०० शब्दांचा एकच तुकडा घ्यावा. पहिली पाच मिनिटं फक्त आकृती आणि तिच्याखालची ओळ पाहावी. मग शिक्षकाने पहिला परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि मनात जे चालतं ते उघड बोलावं: ‘इथे “ही प्रक्रिया” म्हणजे कुठली? मागच्या वाक्यात दोन आल्या आहेत. थांबा, मागे जाऊन बघतो.’ विद्यार्थ्यांसाठी हे नवं असतं. जाणकार माणूसही मागे जातो, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

पुढचे परिच्छेद जोड्यांनी वाचावेत. पालिंसर आणि ब्राउन यांनी १९८४ साली मांडलेली चार कामं इथे उपयोगी पडतात: सारांश सांगणं, प्रश्न काढणं, अडलेलं सोडवणं, पुढे काय येईल ते सांगणं. प्रत्येक परिच्छेदानंतर कामांची अदलाबदल करायची. सारांश म्हणून पहिलंच वाक्य उतरवलं जातं, तेव्हा तो पुस्तक मिटूनच सांगायला लावावा. प्रश्न सगळे ‘म्हणजे काय’चे निघतात, म्हणून त्यात एक ‘का’ आणि एक ‘असं झालं तर’ सक्तीचा ठेवावा. महिनाभरात या कामांचा नुसता विधी होतो. तेव्हा कामांची ही वाटणी थांबवावी आणि जोड्यांना मोकळं बोलू द्यावं.

सगळ्यांत मोठी चूक मात्र शिक्षकाची, आणि ती प्रेमापोटी होते. विद्यार्थी वाचून आले नाहीत म्हणून तो अख्खा धडा स्लाइडवर सांगून टाकतो. मग पुस्तक वाचायची गरजच नाही, असं विद्यार्थ्यांना वाटतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. ‘धडा सात वाचा’ म्हणण्यापेक्षा ‘ही सहा पानं वाचा, उद्या यावरच प्रयोग आहे’ म्हणावं आणि खरोखर तिथूनच वर्ग सुरू करावा.

घरी काय करायचं? मार्करने पान पिवळं करणं आणि तेच पुन्हापुन्हा वाचणं, या दोन्हींचा उपयोग फार थोडा. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून उपविषय संपला की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर पाच मिनिटं आठवेल ते लिहायचं, मग उघडून सुटलेलं दुसऱ्या शाईने भरायचं. वेळ लागतो. इंग्रजी ललितेतर मजकूर प्रौढ वाचक मिनिटाला सरासरी २३८ शब्दांनी वाचतो, पण आकृती पडताळत वाचताना तिप्पट वेळ गेला तरी तो सत्कारणी लागला. हळू वाचणारा स्वतःला ढ समजतो. त्याचा हा समज पहिल्याच आठवड्यात काढून टाकायला हवा.

काही थोड्यांना खरोखर अक्षरांपाशीच अडतं. शंभर शब्द मोठ्याने वाचायला लावा. लांब शब्दांची पहिली अक्षरं बघून बाकीचं कुणी अंदाजाने म्हणत असेल तर वरचे उपाय अपुरे पडतात. अशांना शब्द फोडायला शिकवावं लागतं: ‘हायपो’ म्हणजे कमी, म्हणून ‘हायपोटॉनिक’ द्राव हा पेशीपेक्षा कमी क्षारांचा.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावी सायन्सला इंग्रजी पुस्तक हाती घेणाऱ्या मुलांचीही गाठ याच पानाशी पडते. लॅटिन भावंडांची सोय त्यांना नाही, पण ‘परासरण’ म्हणजेच ऑस्मोसिस ही कल्पना त्यांच्यापाशी आधीच आहे. जोडीत मराठीतून बोलू दिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं इंग्रजीत लिहायला सांगितलं, तर ते ज्ञान कामी येतं.

वाचलेलं खरंच कळलं का, हे तपासायला धड्यातलाच प्रश्न विचारू नये. सलाइनच्या वाक्यानंतर आठवड्याने विचारावं: चिरलेल्या काकडीला मीठ लावलं की पाणी का सुटतं?