पर्णमापन

पर्णमापन : पानाची लांबी, रुंदी, क्षेत्रफळ, आकार व कडा यांची मापे घेऊन पानांची आकड्यांनी तुलना करण्याची पद्धत. वनस्पतिशास्त्र, शेती आणि पुराजीवविज्ञान (जीवाश्मांचा अभ्यास) यांत ती वापरतात.

लांबीत देठ धरत नाहीत. पाते देठाला जुळते तिथून टोकापर्यंत मध्यशिरेवरून पट्टी लावतात. रुंदी मध्यशिरेला काटकोनात, पान सर्वांत रुंद असेल तिथे घेतात. लांबीला रुंदीने भागले की एकक उरत नाही, त्यामुळे बोटभर पान आणि हातभर पान यांचे आकार शेजारी ठेवता येतात. वाटोळ्या पानाचे गुणोत्तर १ च्या आसपास येते, कण्हेरीचे सहज ५ च्या वर जाते.

क्षेत्रफळासाठी पान आलेख कागदावर सपाट दाबून टोकदार पेन्सिलने कड गिरवतात. पूर्ण चौकोन मोजायचे, अर्ध्याहून जास्त व्यापलेला चौकोन पूर्ण धरायचा, कमी व्यापलेला सोडायचा. कुठे थोडे जास्त धरले जाते, कुठे कमी, आणि या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. पान तोडायचे नसेल तर लांबी × रुंदी × गुणांक हे सूत्र वापरतात. पान आयताकार असते तर गुणांक १ आला असता, त्रिकोणी असते तर ०.५, लंबवर्तुळाकार असते तर ०.७८५. मक्याच्या पानासाठी माँटगोमेरी यांनी १९११ मध्ये ०.७५ हा गुणांक दिला. म्हणजे ८० सेंमी. लांब व ९ सेंमी. रुंद पान सुमारे ५४० चौ. सेंमी. भरते. शेतातल्या पानांचे एका बाजूचे एकूण क्षेत्रफळ भागिले त्यांखालची जमीन, हा पर्णक्षेत्र निर्देशांक वॉटसन यांनी १९४७ मध्ये मांडला.

डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ राउंकियर यांच्या वर्गीकरणात पानांच्या आकारमानाच्या सीमा २५, २२५, २,०२५, १८,२२५ आणि १,६४,०२५ चौ. मिमी. अशा, प्रत्येक वेळी ९ पट वाढतात. ही निवड फार समर्पक आहे. आकार तोच ठेवून पान ३ पट लांब झाले, की क्षेत्रफळ ९ पट होते.

तुलनेआधी पाने कुठून घेतली हे पाहणे सूत्राइतकेच महत्त्वाचे. एकाच झाडाची सावलीतली पाने बहुधा उन्हातल्या पानांपेक्षा मोठी व पातळ असतात. दोन झाडांची एकेक पाने मोजून काढलेला फरक म्हणूनच विश्वासाचा नसतो. दोन्हीकडे सारख्या जागची, पूर्ण वाढलेली बरीच पाने घ्यावी लागतात.

कडा मोजणे सर्वांत अवघड. क्षेत्रफळाला १२.५७ ने (म्हणजे ४π ने) गुणून परिमितीच्या वर्गाने भागले, तर वर्तुळाला १ मिळतो आणि कड जितकी खाचदार तितका आकडा घटतो. पण दातेरी कडेची परिमिती माप जितके बारीक घ्यावे तितकी वाढत जाते, म्हणून सर्व पानांना एकच बारकावा ठेवावा लागतो. कित्येकदा दाते आहेत की नाहीत एवढी नोंदही पुरते. उष्ण प्रदेशांत काष्ठमय द्विदल वनस्पतींमध्ये अखंड कडेच्या जातींचे प्रमाण जास्त असते, हे बेली व सिनट यांनी १९१५ मध्ये दाखवले. त्यावरून एखाद्या खडकात सापडलेल्या जीवाश्म पानांच्या किती जाती अखंड कडेच्या आहेत हे मोजून त्या काळचे सरासरी तापमान अंदाजता येते.