किमुरा : हरलेल्यांनी जपलेले नाव

ब्राझिलियन जिउ-जित्सू ही जमिनीवर पकडी घालून लढण्याची विद्या शिकायला लागले की पहिल्या काही महिन्यांतच एक पेच हाती येतो. प्रतिस्पर्ध्याचे मनगट धरायचे, दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून स्वतःचेच मनगट पकडायचे आणि त्याचा कोपरात दुमडलेला हात पाठीकडे फिरवायचा. ताण थेट खांद्यावर येतो. या पेचाला ‘किमुरा’ म्हणतात. जुदोत त्याचे नाव ‘उदे-गारामी’, म्हणजे हाताची गुंफण.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योच्या एका बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतून त्यांनी जुदो घडवला, पण सुरुवातीला भर उभ्याने फेकण्यावर होता. १९०० च्या सुमारास फुसेन-र्‍यू या जुजुत्सू परंपरेतल्या मातायेमोन तानाबे यांनी कोदोकानच्या नामांकितांना जमिनीवर ओढून हरवले, तेव्हा कोदोकानने जमिनीवरच्या डावांकडे नीट लक्ष दिले. कुस्ती बघत वाढलेल्यांना या डावांची गंमत कळायला थोडा वेळ लागतो. आपल्या मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली. इथे पाठीवर पडलेलाही लढतो, कधी कधी जिंकतोही.

मासाहिको किमुरा याच मुशीतला. जन्म १९१७, गाव कुमामोतो, गुरू तात्सुकुमा उशिजिमा. १९३७ ते १९३९ अशी सलग तीन वर्षे तो अखिल जपान विजेता होता. ओसोतो-गारी हा पायाचा डाव पक्का करायला तो झाडावर सराव करायचा. मला त्याच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो या चिकाटीसाठी.

दुसरा धागा ब्राझीलचा. कानोंच्या कोदोकानमध्ये तयार झालेला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये तिथे पोहोचला आणि पुढे बेलेम शहरात त्याने कार्लोस ग्रेसी या तरुणाला शिकवले. कार्लोस आणि धाकटा भाऊ एलिओ यांनी त्या शिकवणीला जमिनीवरच्या लढतीचे स्वतःचे वळण दिले.

२३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये हे दोन धागे समोरासमोर आले. किमुरा वजनाने बराच भारी होता. दुसऱ्या फेरीत त्याने तोच ओसोतो-गारी मारून एलिओला पाडले, वरून दाबून धरले आणि हात गुंफला. एलिओ शरण येईना. हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला, असे किमुराने पुढे लिहिले. तरीही एलिओने हार मानली नाही. अखेर कार्लोसने लढत थांबवायला लावली.

ज्या पेचाने आपला माणूस हरला, त्याला ब्राझीलमध्ये जिंकणाऱ्याचेच नाव मिळाले. मला हे त्या विजयाइतकेच मोठे वाटते.

या पेचाची आणखी एक वाट इंग्लंडमधून येते. कोळसा-खाणींच्या विगन गावातल्या कॅच या कुस्तीप्रकारात त्याला ‘डबल रिस्टलॉक’ म्हणत. तिथे शिकलेल्या कार्ल गॉच या कुस्तीगिराने तो जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकीला दिला. १९७६ च्या डिसेंबरात कराचीत, गामा पैलवानाच्या घराण्यातल्या अक्रम पैलवानाचा हात इनोकीने याच पकडीने निकामी केला. अक्रमही शरण आला नव्हता.

म्हणूनच शिकताना पहिला धडा सोडण्याचा असतो. कोपर छातीशी आवळून धरायचे, फिरवायचे मात्र सावकाश. जोडीदाराने शरण आल्याची खूण म्हणून हाताने थोपटले की त्याच क्षणी पकड सैल. घाईने मारलेला झटका खांद्याला अनेक महिने पुरतो.

ऑगस्ट २००० मध्ये काझुशी साकुराबा या जपानी लढवय्याने कार्लोसचा नातू हेन्झो ग्रेसी याला याच पेचात धरले. हेन्झोनेही थोपटले नाही आणि त्याचे कोपर निखळले. प्रेक्षकांनी तो ‘किमुरा’ म्हणून पाहिला. साकुराबाला घडवणाऱ्यांत मात्र विगनमध्येच तयार झालेले बिली रॉबिन्सन होते आणि त्यांच्या तोंडी त्याचे नाव ‘डबल रिस्टलॉक’ असेच होते.